हजेरी

(एका शिक्षिका-आजींच्या पहिल्या वर्षश्राद्धानिमित्त नीरेकाठच्या एका गावी झालेल्या कीर्तनाच्या ध्वनिमुद्रणावरून)

॥ रामकृष्ण हरी ॥

सेवेसाठी घेतलेला अभंग तुकोबारायांचा आहे, अंतकाळाविषयीचा आहे. टाळकरी मंडळींनी आत्ता तो इतका गोड म्हटला की मी पांडुरंगाला नमस्कार करून वीणा खाली ठेवला असता तरी तुमचं आजचं काम झालं असतं. पण तसं करता येत नाही. या घरच्यांनी मला एक प्रश्न घातलाय. तो प्रश्न मनात घेऊनच आज उभा आहे, आणि हा अभंगही त्याच्यासाठीच निवडला.

आधी शास्त्र काय म्हणतं ते बघू. गीतेचा आठवा अध्याय. नाव काय? अक्षरब्रह्मयोग. भगवंत अर्जुनाला सांगतात, अंतकाळी माझं स्मरण करीत जो देह ठेवतो तो मलाच येऊन मिळतो. पुढं म्हणतात, शेवटच्या घटकेला ज्याच्या मनात जे असेल, तेच तो होतो. ऐकायला सोपं आहे, माउली, पण पोटात गोळा आणणारं आहे. आयुष्यभर माळ ओढली, आणि शेवटच्या घटकेला मनात आलं, "म्हशीला वैरण टाकली का?" झालं! मग काय म्हशीच्या गोठ्यात जन्म?

हसू नका. जडभरताचं हेच झालं. भागवताच्या पाचव्या स्कंधात कथा आहे. भरत म्हणजे ऋषभदेवांचा पुत्र, मोठा राजा. राज्य सोडून गंडकीच्या काठी तप करीत बसला. प्रवाहात वाहून चाललेलं हरणाचं पाडस त्यानं काढलं, वाढवलं, आणि जीव त्यात गुंतला. मरताना डोळ्यांपुढं हरीण, पुढचा जन्म हरणाचा. आमच्यात कीर्तनाला उभे राहणारे काहीजण इथंच थांबतात आणि श्रोत्यांना घाबरवून घरी पाठवतात. मला ते पटत नाही. कथा पुढं आहे. हरणाच्या जन्मातही त्याला मागची आठवण राहिली, साधना वाया गेली नाही, आणि तिसऱ्या जन्मी राजा रहूगणाला पालखी वाहता वाहता ज्ञान सांगणारा तोच. एका पाडसावर दया केली म्हणून देवानं त्याला टाकलं नाही.

हे एवढं लक्षात ठेवा. आता बाईंकडे येऊ.

या गावात "बाई" म्हटलं की दुसरं नाव घ्यावं लागत नाही. जन्म १९३१ चा. सातवीची फायनल पास झाल्या, १९५० साली शाळेत लागल्या, पुढं नोकरी करता करता ट्रेनिंग पूर्ण केलं. तेव्हा लोकल बोर्डाच्या शाळा होत्या. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या, पाटीवरचं नाव बदललं, बाई त्याच खोलीत राहिल्या. एकोणचाळीस वर्षं नोकरी, आणि त्यातली बहुतेक पहिलीच्या वर्गावर. हेडमास्तर म्हणायचे, "बाई, आता चौथी घ्या, त्रास कमी." बाई म्हणायच्या, "पाया दुसऱ्याच्या हातात देऊ का?"

मी त्यांच्या हाताखाली पहिलीत होतो. १९६४ साल. पाटीची चणचण. बाई आम्हाला व्हरांड्यात धुळीवर बोटानं अक्षर गिरवायला लावायच्या. चिंचोक्यांवर बेरीज. एकदा मी विचारलं, "बाई, विठ्ठल कधी लिहायचा?" म्हणाल्या, "आधी राम, मग हरी. विठ्ठल दुसरीत. त्यात जोडाक्षर आहे." बघा मंडळी, वेदान्तात जी अधिकाराची पायरी म्हणतात, ती आम्हाला पहिलीतच कळली!

घरी पहाटे उठून ज्ञानेश्वरी. रोज पंचवीस ओव्या. ग्रंथात सुमारे नऊ हजार ओव्या, म्हणजे वर्षाला एक आवर्तन. हिशेब त्यांनीच घातलेला. संध्याकाळी हरिपाठ. पण वारी? वारी नाही. आता तुम्ही म्हणाल, माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला येते, गावावरून लोक जातात आणि ही बाई वारीला का जात नव्हती? कारण शाळा जूनच्या मध्याला उघडते, आणि पालखी त्याच सुमाराला किंवा थोडी मागंपुढं निघते. पहिलीची पोरं तेव्हा नवी असतात. आईचा पदर सोडत नाहीत, कुणी रडतंय, कुणी पळतंय. एका मोठ्या फडावरच्या महाराजांनी त्यांना सुनावलं होतं, "बाई, नोकरी देवापेक्षा मोठी झाली का?" बाई काही बोलल्या नाहीत. गेल्याही नाहीत.

पण वारी त्यांच्याकडे यायची. दिंड्या शाळेत उतरतात, हे तुम्हाला माहीतच आहे. बाई वर्ग झाडून, माठ भरून ठेवायच्या. रात्री कंदील लावून बसायच्या, आणि मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या बाया त्यांच्यापुढं रांग लावायच्या. कशाला? कार्ड लिहून घ्यायला. "सुखरूप आहे. पाय सुजले नाहीत. शेळीला बघा. सून बाळंत झाली असेल तर कळवू नका, मी पंढरपुराहून आल्यावरच ऐकेन." असली कार्डं! बाई जसं सांगतील तसं लिहायच्या, एक शब्द बदलायच्या नाहीत. लिहून झालं की विचारायच्या, "सही करता का?" आणि अंगठा पुढं आला की बोट धरून नावाचं पहिलं अक्षर काढून घ्यायच्या. पुढच्या वर्षी दुसरं. काहीजणींना नाव पुरं व्हायला चार-चार वाऱ्या लागल्या. त्या बायांची वारी आळंदीहून निघून पंढरीला पोचायची, आणि मध्ये एका शाळेत तिला एक अक्षर जोडलं जायचं. आता सांगा, बाईंची वारी चुकली का?

बहात्तरच्या दुष्काळात या भागात काय झालं ते माझ्या वयाच्या माणसांना सांगायला नको. खडी फोडायची कामं. मीही होतो, चौदा वर्षांचा. शाळा सुटलेली. बाई कामावर आल्या, मुकादमाशी बोलल्या, आणि दुपारच्या सुट्टीत खडीच्या ढिगावर बसून आम्हा पाच-सहा पोरांचं वाचन घ्यायला लागल्या. वाचायला काय, तर त्यांची साखरे महाराजांची सार्थ ज्ञानेश्वरी. माझा आवाज ऐकून त्यांनी काय ठरवलं कोण जाणे. पुढच्या साली मला एसटीत घालून आळंदीला घेऊन गेल्या. जोग महाराजांनी १९१७ साली सुरू केलेली वारकरी शिक्षण संस्था. चार वर्षांचा अभ्यास, माधुकरी मागून जेवायचं. तिथल्या गुरुजींना बाईंनी एकच सांगितलं, "याचं गणित कच्चं आहे, पण पाठांतर पक्कं आहे." मी आज इथं उभा आहे तो त्या दोन वाक्यांच्या जोरावर. गणित अजून कच्चंच आहे. बिदागी मोजायला मंडळी मदत करतात.

(हशा)

आता हजेरी. बाईंची हजेरी हा एक सोहळा असायचा. नुसता नंबर कधी घेतला नाही, पूर्ण नाव. आपल्या गावातली नावं कशी? पांडुरंग, ज्ञानू, तुकाराम, नामदेव, हरिबा, रखमा, जना. आणि दगडू, धोंडू. मूल जगत नाही म्हणून मृत्यूची नजर चुकवायला ठेवलेली. आणि एक नाव असायचं, नकुशी. नको असताना झालेली मुलगी. आपल्या सातारा जिल्ह्यात ही नावं किती होती! २०११ साली जिल्ह्यात समारंभ करून अडीचशेहून अधिक नकुशांची नावं बदलली, पेपरात आलं, चांगलं झालं. पण बाईंनी त्याच्या पुष्कळ आधी एक केलं होतं. एक आई पोरीला दाखल करायला आली. नाव? नकुशी. बाईंनी दौतीत टाक बुडवला आणि थांबल्या. म्हणाल्या, "मी रोज सकाळी चाळीस पोरांदेखत हिला 'नको' म्हणून हाक मारू का?" ती माउली रडायला लागली. म्हणाली, "तुमीच ठेवा नाव." बाई म्हणाल्या, "मी ठेवलं तर ते शाळेपुरतं राहील. तुम्ही ठेवा, मग घरी पण हाक मारली जाईल." तिनं बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, "मुक्ता." बाईंनी लिहिलं.

त्या मुक्ताबाई आज साठीच्या आहेत आणि या मंडपात बसल्या आहेत. कुठं बसल्यात ते मी दाखवणार नाही. मान वळवू नका.

घरचं सांगायचं तर, बाईंचा मुलगा ऐन तिशीत अपघातात गेला. पदरात सून आणि नातू. नातू त्यांच्याच वर्गात. पहिल्या दिवशी त्यानं हाक मारली, "आजी, पाणी." बाई म्हणाल्या, "वर्गात आजी नसते." आणि शाळा सुटल्यावर त्याच पोराला पाठुंगळी घेऊन ओढ्यापलीकडे घरी नेलं. १९८९ ला निवृत्त झाल्या. १९९० ची आषाढी त्यांची पहिली पायी वारी. मग सलग अठरा वर्षं. शहात्तराव्या वर्षापर्यंत चालल्या. चालताना कुठल्याही गावात शाळा दिसली की आत डोकावायच्या, एवढी एक खोड होती.

इथंपर्यंत कथा सरळ आहे. अशा आजी तुमच्याही घरात असतील. आता अवघड भाग.

पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या पुढं बाई विसरायला लागल्या. आधी भाजीत मीठ. मग वार, तिथी. मग, मुलगा गेलाय हे विसरल्या. "तो अजून कसा आला नाही?" म्हणून विचारायच्या. सून खरं सांगायची, आणि बाईंना ते त्या क्षणी पहिल्यांदा कळल्यासारखं व्हायचं. पुत्रशोक एकदा सोसणं कठीण. त्यांच्यावर तो रोज यायला लागला. शेवटी नातवानं ठरवलं, "रानात गेलाय, येईल" एवढंच सांगायचं. खोटं बोलला का? माउली, हा प्रश्न ज्याला पडेल त्यानं आठ दिवस तशा घरात राहून बघावं.

मग पोथी उलटी धरायला लागल्या. लोक म्हणतात, सगळं गेलं तरी लहानपणीचं पाठांतर राहतं. पुष्कळांचं राहतं, मी पाहिलंय. बाईंचं राहिलं नाही. हरिपाठ गेला. गळ्यातली तुळशीची माळ हातात घेऊन "हे कुणाचं?" विचारायच्या. शेवटी एकच गोष्ट राहिली. हजेरी. सकाळी दहाच्या सुमाराला ओट्यावर बसायच्या, मांडीवर वही, कोरीच असायची, आणि नावं घ्यायच्या. साठ वर्षांपूर्वीच्या वर्गाची नावं, क्रमानं. उत्तर आलं नाही की बेचैन व्हायच्या, पुन्हा तेच नाव. मग त्यांची पणती, सहा-सात वर्षांची, समोर बसायला लागली. प्रत्येक नावाला "हजर". दुपारी मुक्ताबाई यायच्या, त्याही बसायच्या.

मीही कार्तिकात गेलो होतो. माझं नाव आलं. मी "हजर बाई" म्हटलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. पांढरं धोतर, फेटा, पांढऱ्या मिशा, हा कोण त्यांचा? त्या माझ्या पलीकडे, दाराकडे बघत राहिल्या. त्या वयाचं पोर आत यायची वाट बघत होत्या.

त्र्याण्णवाव्या वर्षी गेल्या त्या सकाळीही हजेरी चालू होती. आवाज नव्हता, ओठ हलत होते. तोंडात गंगा-तुळस घातली. कानात नाम म्हटलं. त्यांच्या ओठांवर नाम आलं नाही.

आणि दहाव्याच्या घाटावर कुणीतरी बोललं, "एवढ्या वाऱ्या केल्या, एवढी पारायणं केली, आणि शेवटी तोंडात पोरांची नावं." बोलणाऱ्यानं सहज बोलून टाकलं, पण ते घरच्यांच्या काळजात रुतून बसलं. नातवानं मला विचारलं, "महाराज, आजीचं सगळं फुकट गेलं का? गीता तर तसंच म्हणते." हा तो प्रश्न. त्यानं परवानगी दिली म्हणून सगळ्यांपुढं घेतोय.

(विठ्ठल विठ्ठल नामघोष)

पहिलं उत्तर तुमच्या जिभेवर आलंच असेल. अजामिळ! भागवताचा सहावा स्कंध. कान्यकुब्ज नगरीचा ब्राह्मण, वाट चुकलेला, अठ्ठ्याऐंशी वर्षांचा झालेला. यमदूत दिसले आणि भ्यालेल्या जिवानं धाकट्या मुलाला हाक मारली, "नारायणा!" हाक पोराला होती. पण नाव कुणाचं? विष्णुदूत धावत आले. मग आमच्या बाईंनी काय केलं? पांडुरंग, हरिबा, तुकाराम, रखमा, मुक्ता... अहो, रोज सकाळी दहा वाजता ओट्यावर सगळ्या संतांची दिंडी उभी केली! अजामिळ एकदाच चुकून म्हणाला. बाई चाळीस नावं घ्यायच्या, आणि प्रत्येकाला "हजर" असं उत्तर येईपर्यंत सोडायच्या नाहीत.

टाळ्या वाजवू नका. हे उत्तर गोड आहे, मला आवडतंही, पण मी तिथं थांबणार नाही. एक तर, अजामिळाची कथा अर्धीच सांगतात. तो त्याच वेळी वैकुंठाला गेला नाही. वाचला, पश्चात्ताप झाला, गंगाद्वारी जाऊन साधना केली, मग गेला. दुसरं, वर्गात दगडू होता, धोंडू होता, मागच्या बाकावर हसन होता. त्यांची नावं घेताना बाई देवापासून लांब जात होत्या का? आणि तिसरं, समजा बाई काहीच बोलल्या नसत्या. कितीतरी म्हातारी माणसं शेवटी नुसती पडून असतात. डोळे उघडे, ओळख नाही. त्यांच्या ओठांवर चुकून यायलाही नाव नाही. त्यांनी काय करावं? त्यांच्या लेकरांना आपण काय सांगावं?

म्हणून गीतेतला पुढचा श्लोक बघा. तो लोक सोडतात. अंतकाळाचं सांगून झाल्यावर भगवंत म्हणतात, "तस्मात्". म्हणून. म्हणून काय? सर्व काळ माझं स्मरण कर आणि युद्ध कर. शेवटच्या घटकेची तालीम कर, असं म्हणाले नाहीत. सर्व काळ, आणि तुझं काम करीत. बाईंचं युद्ध जूनच्या रडणाऱ्या पोरांशी होतं. ते त्यांनी एकोणचाळीस वर्षं केलं, पहाटेच्या पंचवीस ओव्यांसकट.

आणि आता ज्या ठिकाणी तुम्हाला न्यायचं होतं तिथं आलो. वराहपुराणातलं म्हणून एक वचन आहे. दक्षिणेतली श्रीवैष्णव मंडळी ते नित्य म्हणतात, आपल्याकडे कमी सांगितलं जातं. वराह भगवान भूदेवीला म्हणतात, शरीर धड असताना, मन ठिकाणावर असताना ज्यानं माझं स्मरण केलं, तो पुढं मरणाला टेकला, लाकडासारखा, पाषाणासारखा पडून राहिला, तर काय? तर त्या वेळी त्यानं माझी आठवण ठेवावी, अशी माझी अट नाही. त्या वेळी मी त्याची आठवण ठेवतो. आणि मीच त्याला परमगतीला नेतो.

मी! ऐकलंत का? विसरला तो भक्त. देव विसरत नाही.

पाषाण म्हणजे काय हो? धोंडा. आपला धोंडू. त्याचंही नाव पटावर आहे.

नातवाला मी हेच सांगितलं. म्हटलं, बाबा, पहिलीतलं पोर वर्गात झोपलं तर बाई काय करायच्या? गैरहजर मांडायच्या? आम्ही झोपायचो, दुष्काळात तर पोटात अन्न नसल्यानं रोज झोपायचो. बाई डोक्यावर हात ठेवायच्या, स्वतःच "हजर" म्हणायच्या आणि पटावर खूण करायच्या. ज्यांनी आम्हाला असं सांभाळलं, त्यांचा देव त्यांच्याहून कडक असेल, असं मला वाटत नाही. तो ऐकून घेऊन बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "महाराज, ती वही कोरी आहे. तिचं काय करू?" पारायणाची ज्ञानेश्वरी कुणाकडे द्यायची हे घरात ठरलंय, पण त्या वहीचं काही ठरत नव्हतं. पणतीनं ठरवलं. ती आता दुसरीत आहे. जोडाक्षरं चालू आहेत. वहीत तिनं लिहायला सुरुवात केली आहे. पहिल्या पानावर ठ ला ठ जोडून ठेवलाय, सहा ओळी. अजून नीट बसत नाही.

बारा वाजत आले. फुलं सगळ्यांच्या हातात पोचली का बघा. मागं आयाबायांकडे पोचली नाहीत, परडी तिकडे न्या. फुलं पडल्यावर लगेच उठू नका, आरती आहे. आजच्या पंगतीचा शिधा मुक्ताबाईंनी दिलाय. त्यांचं म्हणणं असं की पहिली पंगत शाळेच्या पोरांची बसावी, आणि घरच्यांनी ते मान्य केलंय. म्हणून गावकऱ्यांनी, आणि आम्ही माळकऱ्यांनीसुद्धा, दम धरायचा. पोरांनो, मंडपाच्या डाव्या अंगाला रांगेनं जा. तुमच्या आत्ताच्या बाई पट घेऊन आल्या आहेत. नाव घेतलं की मोठ्यानं बोला, कुणी जेवायचं राहायला नको.

रामकृष्ण हरी.